तुमले कोन इचारस?

आमचे साहेब सुरतेत असेपर्यंत तिथे कुणाच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. चहाफराळ तर लांबच राहिला. लग्नाला बोलावलं तर जात, पण हातात स्वतःचा फिरकीचा तांब्या घेऊन. पोटाला पोचा आलेला, रोज चिंचेने घासलेला तांब्या. मांडवात पहिल्या रांगेत बसून चारचौघांदेखत फिरकी उघडायची, झाकणात पाणी ओतून प्यायचं, फिरकी घट्ट लावायची, अक्षता टाकायच्या आणि घरी जाऊन पिठलंभात खायचा, असा त्यांचा लग्नसोहळा. यजमानाने फारच हात धरला तर म्हणत, "आज तुमच्याकडे जेवलो आणि उद्या तुमचे व्याही माझ्यासमोर पिंजऱ्यात उभे राहिले, तर मी ढेकर कुठे देऊ?"

कोर्टात त्यांना 'लोटावाळा साहेब' म्हणत. पट्टेवाला म्हणे, बेलिफ म्हणे, बारमधले पिकलेले वकीलही म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं. "माझ्या आधीच्यांना काय म्हणत ते ऐकलंय मी," असं एकदा मला म्हणाले. "त्यामानाने माझं नाव बरंच स्वच्छ आहे ने."

मी त्यांची स्टेनो होते. प्लेगाचं साल नुकतंच सरलं होतं. सुरत घासूनपुसून निघत होती, गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ उघडत होते आणि मी लिंबायतच्या, खानदेशी मजुरांच्या वस्तीतल्या, एका खोलीतून उठून सरकारी नोकरीला लागले होते. वडील लूम्सवर, आई घरी बसून साड्यांचे धागे कापणारी. घरात अहिराणी, रस्त्यावर हिंदी, कोर्टात गुजराती. शुद्ध मराठी मला भेटली ती शाळेच्या पुस्तकात आणि त्यानंतर थेट साहेबांच्या तोंडी. साहेब बडोद्याचे. त्यांची मराठी इस्त्रीची होती, फक्त वाक्याच्या शेवटी गुजराती 'ने' लटकलेला असायचा.

माणूस बुटका, कानांवर केस, आणि भर वैशाखात कोटाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. टाइप केलेल्या कागदावर एक खाडाखोड दिसली की कागद टराटरा फाडत. मग फाडल्याचं वाईट वाटून तुकडे स्वतः गोळा करत. खिडकीतल्या कबुतरांशी त्यांचं वैर होतं. साक्ष चालू असताना एखादं घुमलं तर "शांतता!" म्हणून त्यालाच दटावत आणि साक्षीदार बिचारा घाबरून गप्प होई.

पण त्यांची खरी तऱ्हा वेगळीच. कुणाला तुरुंगात पाठवायचं असलं की साहेब उभे राहत. न्यायाधीश उठला म्हटल्यावर सगळ्या कोर्टाला उठावं लागे. वकील, कारकून, पोलीस, कोपऱ्यात पेंगणाऱ्या म्हाताऱ्या, सगळे धडपडत उठत. पाकीटमाराला पंधरवडा ठोठावायचा असो की वर्ष, उभं राहूनच. बारच्या लोकांनी एकदा त्यांना आडून आडून विचारलं. साहेब म्हणाले, "एक माणूस आत जाणार आणि मी पंख्याखाली बसून त्याला सांगू? मलाही थोडं पाय दुखू दे." त्या दिवसापासून बारने विचारणं सोडलं.

हायवेवर पलसाण्याकडे एका शेठची डाइंग मिल होती. तिथे एका मजुराचा हात मशीनमध्ये गेला आणि केस आमच्याकडे आली. शेठ दर तारखेला मॅनेजरला पाठवत. साहेबांनी समन्स काढलं, मग वॉरंटची तंबी दिली, तेव्हा कुठे शेठ उगवले. पांढरा सफारी, मागे दोन माणसं, एकाच्या हातात उशी. त्यांचे वकील अदबीने म्हणाले, "साहेब, शेठने खुरशी अपावो ने. कमरनो दुखावो छे."

"दुखावो होय तो कठेडो पकडो," साहेब म्हणाले आणि पुढची केस घेतली. शेठ संध्याकाळपर्यंत पाकीटमारांच्या शेजारी कठडा धरून उभे होते. उशीवाला माणूस दारात उशी कवटाळून बसून राहिला.

आठवड्याभराने नोटीस आली. भारी कागद, मुंबईचे वकील. शेठच्या अब्रूची हानी झाली, साहेबांवर व्यक्तिशः दावा लावू, असा मजकूर. ऑफिसात सगळ्यांचे चेहरे पडले. साहेबांनी नोटीस मला मोठ्याने वाचायला लावली, चवीने ऐकली, मग तिच्या चार घड्या घालून आपल्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. टेबल हलवून पाहिलं. हललं नाही.

"बेन," ते मला म्हणाले, "इंग्रजांच्या वेळेपासूनचा कायदा आहे. न्यायाधीशाने आपल्या अधिकारात, प्रामाणिकपणे जे केलं, त्यासाठी त्याच्यावर दावा लागत नाही. हुकूम चुकला असं वाटलं तर वरच्या कोर्टात जा, हुकूम मोडून घ्या. पण हुकूम देणाऱ्याची कॉलर धरायची नाही. नाहीतर असले शेठ रोज एकेका न्यायाधीशाला कोर्टात खेचतील, आणि मग मजुराच्या बाजूने लिहायला कुणाचा हात उठेल? ही छत्री सरकारने मला दिलीय ती अशाच गारांसाठी."

मला तेव्हा साहेबांचा इतका अभिमान वाटला की घरी जाऊन आईला दोनदा सांगितलं. आई म्हणाली, "आनि तुना साहेब चुकना ते?" म्हणजे तुझा साहेबच चुकला तर? मी म्हटलं, साहेब चुकत नाहीत. आईने धागा कापला.

कलाबाईची केस अगदीच किरकोळ होती. लिंबायतच्या नळावरचं भांडण. हंडा कुणाचा आधी यावरून सुरू झालं, झिंज्यांपर्यंत गेलं आणि दोघींनी एकमेकींवर फिर्याद केली. अशा केसेस आमच्याकडे पोत्याने पडलेल्या. कलाबाईचा नवरा लूम्सवर, ती घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. अंगाने काडी, पण बोलायला लागली की लूम्सचा खडखडाट मागे पडावा. पुढची तारीख पुकारली तेव्हा तिचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकला होता. म्हणून तीच पुढे आली.

"साहेब, त्या दिन आखाजी शे. मी माहेरले जास. दुसरी तारीख द्या."

साहेबांना अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हे ठाऊक होतं. पंचांग त्यांच्याही घरी होतं. पण बडोद्याच्या ब्राह्मणआळीतली अक्षय्य तृतीया म्हणजे गुंजभर सोनं आणि श्रीखंड. ते हसून म्हणाले, "सोनं आदल्या दिवशी घ्या बाई, त्या दिवशी भाव चढतो."

कोर्ट हसलं. कलाबाई हसली नाही. "सोनं लेवाले मना धनी का शेठ शे?" ती म्हणाली.

मी खालच्या माझ्या खुर्चीतून हळूच म्हणाले, "साहेब, खानदेशात अखाजी दिवाळीपेक्षा मोठी. सासुरवाशीण त्या दिवशी माहेरी गेलीच पाहिजे. झोके बांधतात, गौराई बसते. नाही गेली तर लोक म्हणतात, हिचं माहेर मेलं."

"बेन, तुम्ही लिहा," साहेब म्हणाले. तारीख तीच राहिली.

कलाबाई अर्थातच माहेरी गेली. मीही गेले असते. तारखेला पुकारा झाला, उत्तर आलं नाही आणि साहेबांनी बिनजामिनाचं वॉरंट काढलं. "सांगूनसुद्धा येत नाही म्हणजे काय," असं म्हणाले. वॉरंट ही काही शिक्षा नव्हे. त्यामुळे ते त्यांनी बसूनच काढलं.

आमची वॉरंटं एरवी पोलीस चौकीत महिनोन्महिने लोळत. पण नळावरच्या त्या दुसऱ्या बाईचा मेहुणा पोलिसात होता. दोन शिपाई लगोलग भुसावळच्या गाडीत बसले. नंदुरबारच्या अलीकडे उतरून, तिथल्या ठाण्याचा शिक्का घेऊन, गावात पोहोचले तेव्हा अखाजीचे झोके अजून उतरवले नव्हते. कलाबाई लिंबाखाली झोक्यावर होती, आजूबाजूला गावभरच्या लेकीबाळी गाणी म्हणत होत्या. शिपायांनी झोका थांबवला आणि तिला खाली उतरवून नेलं.

मधे रविवार आला म्हणून ती कोठडीत राहिली. मग आमच्यासमोर उभी केली. केस विस्कटलेले, हातात अखाजीच्या नव्या बांगड्या, त्यातल्या बऱ्याच फुटलेल्या. साहेबांनी कागदावरून वर न बघताच विचारलं, "का आला नाहीत तारखेला?"

"मी सांगं व्हतं ना साहेब, आखाजीले मी नई यी शकस?" आवाज आज खडखडत नव्हता. "मले झोकावरथून उतारीसन ली गयात. आख्खं गाव देखी र्‍हायंतं. भाऊनी सांगी दिन्हं, आते आठे येऊ नको. चोट्टी बहीन नको म्हने. मनं माहेर गयं, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शब्द न् शब्द मराठीत सांगितला. सांगताना माझा आवाज चढला असेल तर चढला असेल, मला त्याची लाज नाही.

तिचा वकील घाईने पुढे झाला, तिला गप्प करायला. "बाई, साहेबांना असं विचारता येत नाही. कायद्यानेच विचारता येत नाही."

कलाबाईने वकिलाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "आम्ही चुकनूत ते जेल. तुम्ही चुकनात ते? तुमले कोन इचारस?"

साहेब उठून उभे राहिले.

सगळं कोर्ट धडपडून उठलं. कुणाला शिक्षा झाली ते कुणालाच कळेना. पट्टेवाला कलाबाईकडे आणि साहेबांकडे आळीपाळीने बघत होता. साहेब तसेच उभे, कोटाच्या बटणाला हात लावून. मग त्यांनी कलाबाईला तिच्याच जातमुचलक्यावर सोडलं, नळाची ती केस दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग करावी असं वर लिहायला सांगितलं आणि आत निघून गेले. त्या दिवशी तांब्याची फिरकी उघडली गेली नाही.

संध्याकाळी मला आत बोलावलं. "बेन, तुम्ही मला सांगत होता."

"हो साहेब."

"मी काय म्हणालो?"

"तुम्ही लिहा, म्हणालात."

"मग लिहिलंत?"

"सोन्याचा विनोद सोडून सगळं लिहिलं."

"तोही लिहायला हवा होता ने," साहेब म्हणाले. मग डुगडुगत्या टेबलाखालची ती नोटीस ओढून काढली, घड्या उलगडल्या, पाहिली आणि पुन्हा खाली सारली. "छत्री वरून पडणाऱ्या गारांसाठी होती. ही बाई तर खाली उभी राहून विचारत होती."

बारमध्ये एक वकील होते, ज्यांना हरणाऱ्याच केसेस आवडत. त्यांनी कलाबाईला गाठून तिच्या वतीने साहेबांवर दिवाणी दावा लावला. भरपाई नको, एवढंच जाहीर करावं की वॉरंट काढणं ही साहेबांची चूक होती आणि कलाबाईने काही गुन्हा केला नव्हता. कोर्टात हलकल्लोळ उडाला. कँटीनमध्ये दुसरा विषय नाही. आमचे नाझर म्हणाले, "आता घर घर का लोटा निकळशे," म्हणजे एकेका साहेबावर दावा लागणार. पण घाबरायचं काही कारण नव्हतं, कायदा साहेबांच्या पाठीशी ठाम उभा होता. सरकारी वकील तयार कैफियत घेऊन आले. सहीपुरती जागा ठेवली होती. त्यात लिहिलं होतं, सदर कृत्य न्यायिक अधिकारात केलेलं असल्याने प्रतिवादीस कायद्याचं संरक्षण आहे.

साहेबांनी सही केली नाही.

"साहेब, फॉर्मॅलिटी छे," सरकारी वकील काकुळतीला आले.

"शेठच्या वेळी आणा. दहा सह्या करतो. हिच्यासमोर मी ही छत्री उघडणार नाही."

मग मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. आमच्या साहेबांचे वरिष्ठ. माणूस चांगला होता आणि त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं, हे मला आज कळतं. ते म्हणाले, तुमचं मन मोठं आहे, पण हे संरक्षण तुमचं एकट्याचं नाही. आज तुम्ही ते काढून ठेवलं तर उद्या प्रत्येक हरलेला माणूस प्रत्येक न्यायाधीशाला दारात बोलावेल. नवी पोरं खुर्चीत बसतात, त्यांचे हात आधीच थरथरतात. तुम्ही सगळ्यांच्या छत्रीला भोक पाडताय. तुमच्या बढतीचे कागद माझ्या टेबलावर आहेत, त्यांचा तरी विचार करा.

"मी छत्री फाडत नाही," आमचे साहेब म्हणाले. "ज्यांना लागते त्यांनी उघडावी. मी फक्त बाहेर जाऊन भिजतोय."

दाव्याच्या दिवशी साहेब कोट न घालता आले. मी त्यांना पहिल्यांदाच नुसत्या शर्टात पाहिलं. पक्षकारांच्या बाकावर कलाबाईच्या पलीकडे बसले, मांडीवर तांब्या. पट्टेवाल्याने त्यांचं नाव पुकारताना 'साहेब' लावावं की नाही या विवंचनेत नाव अर्धंच पुकारलं. साहेब तत्परतेने उभे राहिले, "हाजर छुं."

आतले न्यायाधीश त्यांच्याहून बरेच लहान. त्यांना कुठे बघावं कळेना. साहेब म्हणाले, "माझी चूक झाली. मला संरक्षण नको. दावा चालू द्या."

"ते तुम्हाला नको म्हणता येत नाही, साहेब," ते न्यायाधीश हळू आवाजात म्हणाले. "ते तुमचं नाहीच. खुर्चीचं आहे." आणि दावा पहिल्या पायरीवरच फेटाळला. कायद्याने त्यांना दुसरं काही करताच येत नव्हतं.

कलाबाईला वकिलाने बाहेर येऊन समजावलं. तिने एकदा वकिलाकडे, एकदा साहेबांकडे बोट केलं. "ह्या सोता कबूल करी र्‍हायनात, तरी नई?"

"तरी नाही," वकील म्हणाले.

ती हसली. असं हसू पुन्हा कुणाच्या तोंडावर बघायची माझी इच्छा नाही.

पुढे नळाची केसही दुसऱ्या कोर्टात आपसात मिटली. दोघी बायकांनी एकमेकींना बोटं मोडत तडजोडीवर अंगठे दिले. सगळं संपलं. कलाबाईचं माहेर मात्र संपलेलंच राहिलं. भावाने राखीला येऊ दिलं नाही, दिवाळीला निरोप आला नाही. माझ्या आईला हे सगळं गल्लीतून कळे आणि आई ते मला जेवताना ऐकवी. मी ते दुसऱ्या दिवशी साहेबांना ऐकवत असे. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. पण मीही लिंबायतचीच.

चैत्र संपता संपता साहेब म्हणाले, "बेन, अखाजी कधी आहे यंदा?" आणि रजेचा अर्ज सांगायला लागले.

आधी आम्ही कलाबाईच्या खोलीवर गेलो. साहेबांनी लिंबायत तोवर फक्त कागदावर पाहिलं होतं. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली, पुढे माझ्यामागून गटार ओलांडत चालले, तांब्या छातीशी धरून. कलाबाई टिकल्या चिकटवत बसली होती. ती उठली नाही. शेजारणींनी मात्र दारात गर्दी केली. तिने पोरीला सांगून स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. साहेबांनी हात जोडले, नको म्हणाले आणि सवयीने फिरकीला हात घातला.

कलाबाईच्या हातातली साडी खाली पडली. "आमना घरनं पानी बी चालत नई का तुमले?"

साहेब पांढरे पडले. मग घाईघाईने सांगू लागले, तसं नाही बाई, खुर्चीचा नियम असतो, कुणाच्याच घरचं पीत नाही, शेठच्याही नाही.

"खुर्ची कोर्टमा ठी या," ती म्हणाली, "मंग या."

साहेबांनी मान डोलावली. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी विचारलं, अखाजीला माझ्याबरोबर तुमच्या माहेरी याल का? तुमच्या भावाला मला काही सांगायचं आहे. कलाबाईने उरलेल्या टिकल्या डबीत भरल्या. मग म्हणाली, तठे कोनी मले घरमा लिन्हं नई ते? साहेब म्हणाले, तर आपण दोघंही बाहेर उभे राहू.

अखाजीला आम्ही निघालो. कलाबाई, तिचा नवरा, माझी आई, मी आणि साहेब. आई आली ती माझी सोबत म्हणून, पण खरं तर तिला हे बघायचंच होतं. साहेब पुन्हा बिनकोटाचे. गाडीत सगळा डबा सासुरवाशिणींनी भरलेला. एका बाईने साहेबांना विचारलं, "बाबा, तुमनी आंडेर कोठे दिन्ही?" मुलगी कुठल्या गावी दिली, असं. साहेबांना मूलबाळ नव्हतं. ते म्हणाले, "मी एकीला माहेरी पोचवायला चाललोय."

गावात वर्दी आधीच गेली होती, सुरतेचे जज्जसाहेब येताहेत. झालं, गावाने पाराजवळ मंडप घातला. सरपंच टोपी सारखी करत पुढे आले, शाल, नारळ, आणि मधोमध ग्रामपंचायतीची हातांची खुर्ची. साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं आणि बाजूला झाले.

"बसा ना साहेब."

"नाही. बसून एकदा बोललो होतो," साहेब म्हणाले. "आज उभा राहून बोलतो."

भाऊ लिंबाच्या खोडाला टेकून उभा होता. उंच, रापलेला, हाताची घडी. बहिणीकडे त्याने पाहिलं नव्हतं. साहेब उन्हात त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. आता बसलेले सगळे उठून उभे राहिले. सुरतेच्या कोर्टासारखं अख्खं गाव उभं.

"तुमच्या बहिणीने गुन्हा केला नव्हता. तिने मला सांगितलं होतं की अखाजी आहे. मला अखाजी कळली नाही. कळत नव्हती तर विचारायला हवं होतं, मी विनोद केला. पोलीस पाठवले ते मी. चोर ती नाही. चूक माझी आहे." एवढं बोलून साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ते सगळं अहिराणीत सांगितलं. माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात चांगलं भाषांतर असेल.

भाऊ म्हणाला, "साहेब, तुमले ते कानूनमा कोनीच इचारी शकत नई म्हनतस."

"म्हणून तर आलो," साहेब म्हणाले. "कायद्याने बोलावलं असतं तर वकील पाठवला असता."

भावाची हाताची घडी सुटली. सरपंच मधे पडले, "जाऊ द्या साहेब, तुम्ही कशाला, मोठी माणसं कुठं चुकतात का..."

"चुकतस!" कलाबाई ओरडली. सुरत सोडल्यापासून ती पहिल्यांदा बोलली आणि लूम्सचा तो खडखडाट परत आला. "चुकतस. त्या सांगी र्‍हायनात ना!" ती साहेबांच्या समोर आली, पदर खोचला. मला वाटलं आता रडेल. ती कसली रडतेय.

"चूक कबूल कयी ना? व्हयनं. माफी मी देवाव नई. आते जेवाले बठा, रस खराब व्हई जाई."

मी भाषांतर करणार होते. साहेबांनी हात वर केला, कळलं म्हणाले. मग त्यांनी तांब्याची फिरकी काढली, सुरतेचं पाणी लिंबाच्या मुळाशी ओतलं, आणि रिकामा तांब्या कलाबाईच्या भावाच्या हातात दिला. भावाने तो अखाजीच्या घागरीतल्या पाण्याने भरून आणला. साहेब उभ्याउभ्याच घटाघटा प्यायले. मग चपला काढून पंगतीत, जमिनीवर, माझ्या आईशेजारी बसले. खापरावरचे मांडे आणि वाडगाभर आमरस. कोपरापर्यंत ओघळ आले तरी त्यांना भान नव्हतं. तिसऱ्यांदा रस मागितला तेव्हा आईने मला कोपरखळी मारली, "तुना साहेबले घर खावाले देतस नई का?"

मागे लिंबावर झोका हलत होता. बायका गात होत्या. झोक्यावर कलाबाई होती आणि पहिला हेलकावा भावाने दिला होता. मी स्वतः पाहिलं.

सुरतेत परतल्यावर आठवड्यात मेमो आला. न्यायिक अधिकाऱ्याने परराज्यातल्या गावी जाऊन पक्षकाराची जाहीर माफी मागितली, तसेच पक्षकाराकडे भोजन स्वीकारलं, याने पदाची प्रतिष्ठा कमी झाली, खुलासा करावा. बढतीचे कागद परत गेल्याचं त्याच दिवशी कळलं. पुढे साहेबांची बदली कच्छच्या पार टोकाला झाली. जाताना सामानात पुस्तकांच्या दोन पेट्या आणि तांब्या. बारमधले लोक अजूनही म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला होता. म्हणोत. असा परिणाम आणखी चारपाच जणांवर झाला असता तर माझी काही तक्रार नव्हती.

मेमोचा खुलासा त्यांनी मलाच सांगितला. मी वही उघडून बसले, मोठा मजकूर असणार म्हणून दोन पेन्सिली टोकदार करून. साहेब कोटाचं बटण लावून उभे राहिले. मीही उभी राहिले.

"लिहा बेन. केस संपली होती. चूक माझी होती. रस चांगला होता."

मी थांबले. "पुढे, साहेब?"

"पुढे सही," साहेब म्हणाले.